मोडल्या पायाला अळिवाचे लाडू

खमरिया, जबलपूर
संक्रांतीनंतरचा बुधवार, १९७२

प्रिय अहो,

नाव घ्यायची जिभेला सवय नाही, हाताला तर नाहीच, म्हणून हेच लिहिलं. हसायचं तर हसा. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आता तुम्ही शहरात हॉस्पिटलच्या पलंगावर आणि मी इथे क्वार्टरात, आणि एकाच गावात राहून मला कागद घेऊन बसावं लागलं. ह्यावरूनच समजा मी किती वैतागून राहिले आहे ते. तुमच्या सेक्शनचे नथ्थूभैया दुपारच्या पाळीला जायच्या आधी डबा द्यायला येतील, तेव्हा हे तुमच्या हातात देतील, दुसऱ्या कोणाच्या नाही. बाबारावभाऊजी स्टुलावर बसलेले असतील तर उशीखाली सरकवा आणि ते चहाला गेले की वाचा. ते तुमचे थोरले भाऊ, माझ्या मानाचे, पण ह्या पत्रात त्यांचं काही काम नाही.

काल पुन्हा डबा अर्धा भरलेलाच परत आला. पोळी अर्धी खाल्लेली, भाजी चिवडलेली आणि लाडू जसे रचून पाठवले तसेच. नथ्थूभैया बिचारे दारात असे उभे, जसं काही त्यांनीच लाडूंचा अपमान केला. म्हणे, भाभी, तुलसी भैया तो उधर देखते भी नहीं. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? परक्या माणसासमोर नवऱ्याला नावं थोडीच ठेवता येतात, ती आता तुमच्यासमोरच ठेवते. डॉक्टरांनी पाय ताणून धरायला लटकवलेल्या विटा सोडल्या, फोटो काढून हाड जुळलं म्हणून सांगितलं, कुबड्या आणून पलंगाला टेकवून ठेवल्या, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडले. आता उभे राहिले नाहीत तर गुडघा कायमचा ताठ होईल, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं, भाऊजींसमोर सांगितलं, शेजारच्या पलंगावरच्या अण्णांनासुद्धा ते पाठ झालं. डॉक्टर रोज तुम्हाला उठवतात, सिस्टर उठवते, नथ्थूभैया उठवतात. पालथ्या घड्यावर पाणी. मी आता हात टेकले आहेत, तोंडाने सांगून होत नाही म्हणून लिहून सांगते.

तुमचं कशात अडलं आहे ते मला माहीत नाही असं समजू नका. तुमचं अडलं आहे त्या म्हशीत. लढाई सुरू झाली, ब्लॅकआउट झाला, काचांना काळे कागद लागले, आणि तुम्ही दिवेलागणीला बिनदिव्याच्या सायकलवर रांझीच्या उतारावरून घरी येत होते. रस्त्यात म्हैस बसलेली. काळी म्हैस, काळा रस्ता, त्यात तुमचा काय दोष? मांडीचं हाड तुमचं मोडलं, ती तर उठलीसुद्धा नाही म्हणतात. मग तुम्ही विटा बांधून उताणे, आणि तिकडे दारूगोळ्याची फॅक्टरी लढाईसाठी रात्रंदिवस चालून राहिली. लढाई जिंकल्याची बातमी रेडिओवर आली, लोकांनी वॉर्डात मिठाई वाटली, तर तुम्ही अंगावर पांघरूण ओढून घेतलं. कोणी विचारलं कसं लागलं, तर ऍक्सिडेंट म्हणून तोंडाला कुलूप. अहो, तुमच्या सेक्शनमध्ये कोणी तुम्हाला हसत नाही. नथ्थूभैया सांगतात, तुमच्या जागेवर लावलेल्या नव्या माणसावर फोरमन रोज ओरडतात की तुलसीराम कधी येतो. पण तुम्हाला ते खरं वाटायचं नाही. तुम्हाला म्हशीवरून आपलं हसं झालं असं धरून बसणंच बरं वाटतं, त्यावर पडून राहता येतं.

आणि वरून मी अळिवाचे लाडू आणले. म्हणजे आगीत तेलच. मला ठाऊक आहे की ते बाळंतिणीचं खाणं. पण माझ्या आईचं माहेर आर्वीचं, आणि तिच्याकडे अळिवाचं काम काही बाळंतिणीपुरतं नव्हतं. उचकी थांबेना तर अळीव भिजवलेलं पाणी घोट घोट द्यायची. कंबर धरली, पाय मुरगळला, तर लिंबाच्या रसात वाटून लेप लावायची, तो असा चरचरायचा की माणूस दुखणं विसरून लेपाच्याच नावाने बोंबलायचा. थंडीत खोकल्याला दुधातली खीर. आणि माझे मामा बैलगाडीवरून पडून हात मोडून बसले, तेव्हा त्यांना आख्खा हिवाळा लाडू चारले होते. हाडाला चिकटा धरतो म्हणायची. खरं खोटं डॉक्टर जाणे. मी त्यांना विचारलंसुद्धा, ते म्हणाले खाऊ दे, त्यात लोह असतं, पोटाला काही वाईट नाही, मात्र गोळ्या चुकवायच्या नाहीत. एवढं पुरे होतं मला.

तुम्हाला वाटतं, बायको घरी बसून लाडू वळते, तिला काय त्रास. तर ऐका. इथल्या वाण्याकडे अळीव म्हटलं तर त्याला कळेना. दीक्षितपुऱ्यात एक म्हातारा पंसारी आहे, त्याच्याकडे शेजारच्या राधाबाई मला घेऊन गेल्या. त्याला हालिम म्हणावं लागतं, चंसुरही म्हणतात. त्याने पुडी बांधता बांधता तोंडभर हसून विचारलं, बधाई हो बहूजी, लड़का हुआ कि लड़की? मी इतकी चिडलेली होते, म्हटलं, टाँग हुई है. राधाबाई दुकानाच्या पायरीवर बसून हसायला लागल्या आणि तो म्हातारा पुडी हातात धरून बघतच राहिला. मग ओला नारळ. आपल्या बाजारात मिळतो तो सुकलेला, खडखड वाजणारा, त्यात पाणी कुठलं. अळीव नारळाच्या पाण्यात भिजले तरच त्यांना गोडवा येतो. त्यासाठी सदरला त्या मद्रासी बाईंच्या दुकानात जावं लागतं. पहिल्यांदा मी गेले, नंतर राधाबाईच आणून देतात. काहून ते पुढे येईल.

भिजवलेले अळीव पाहिले आहेत कधी? लालसर बारीक दाणे, पाणी पिऊन असे फुगतात आणि बुळबुळीत होतात की हातात ठरत नाहीत. त्यात खोवलेलं खोबरं, गूळ, आणि मग मंद आचेवर हलवत बसायचं. हात सोडला की तळाला लागतं. गोळा कढईची बाजू सोडू लागला की जायफळ किसून घालायचं, गरम असतानाच तुपाच्या हाताने वळायचं, नाही तर फुटतात. इतकं करून डबा भरला, तर पहिल्या दिवशी तुमचा निरोप, फार गोड आहेत. गूळ कमी केला, तर कडवट लागतात. तर मी काय करू? मला चव घ्यायची नव्हती, राधाबाईंना बोटावर देऊन विचारलं, त्या म्हणाल्या चांगले झाले आहेत, गुळाचा दोष नाही, खाणाऱ्याच्या तोंडाचा आहे. मी त्यांना रागावले, पण मनातून मलाही तसंच वाटलं.

आता रविवारचं सांगते, कारण सगळं बिघडलं ते रविवारी. मी आले, भाऊजी स्टुलावर, अण्णा आपल्या पलंगावर, समोरच्या रांगेतले दोघे आणि त्यांच्या बायका. मी डबा उघडला. अण्णांना लाडू फार आवडतात, ते डब्यात वाकून म्हणाले, तुलसीरामजी, हमारे यहाँ तो ये जच्चा को खिलाते हैं, आप की छठी कब है? बाळंतिणीच्या सटीची थट्टा म्हटल्यावर सगळे हसले. त्यांनी काही वाईट मनाने म्हटलं नव्हतं, त्यांचा स्वतःचा हात गळ्यात आहे आणि ते रोज मागून खातात. पण तुमचे कान लाल झाले. तुम्ही डबा माझ्याकडे लोटून म्हणालात, आधी तू एक खाऊन दाखव, मग मी खातो. मी मान खाली घातली. तुम्ही पुन्हा म्हणालात, खा ना, काहून खात नाही. सगळा वॉर्ड माझ्या तोंडाकडे बघून राहिला. भाऊजीसुद्धा म्हणाले, खाऊन टाक ना एक, काय त्यात. मी लाडू हातात घेतला आणि परत ठेवला. मग तुम्ही जे म्हणालात ते मी इथे लिहीत नाही. स्वतःच्या घशाखाली उतरत नाही ते मला घालते, इतकंच आठवण म्हणून पुरे. तेव्हापासून डबा भरलेला येऊन राहिला आहे.

मला त्याचा राग आला नाही असं नाही. आला, चांगलाच आला. वाटलं डबा तिथेच पालथा घालून निघून यावं. रिक्शात बसून सगळ्या वाटेने रडले, रिक्शावाल्याने दोनदा वळून पाहिलं. तुमचा आणखी एक आरोप आहे तोही भाऊजींच्या तोंडून कानावर आला, की ही फक्त रविवारीच येते, बाकीच्यांच्या बायका रोज येतात. हो, मी रविवारीच येते. रोज यायचं म्हणजे रोज तो खड्ड्यांचा रस्ता आणि रिक्शाचे हिसके. मला मनाई आहे. कोणाची आणि कशाला, ते वॉर्डात दहा माणसांसमोर, थोरल्या दिराच्या समोर, मी कसं सांगणार होते? तुम्ही एकदा तरी म्हणालात का की भाऊ, जरा बाहेर बिडी ओढून ये? डोळ्याने खुणावलं तर तुम्हाला वाटलं मी लाजून राहिले आहे.

त्यात आता भाऊजींनी नवीन काढलं. काल घरी येऊन, दारातूनच, ट्रंक भरायला सांगून गेले. शनिवारी तुम्हाला स्ट्रेचरवर घालून गाडीत चढवायचं, इटारसीला गाडी बदलायची, बडनेऱ्याला उतरायचं, आणि तिथून गाडीबैलाने घरी. तुम्ही हो म्हणालात म्हणे. तिथे अंगणात खाट टाकून पडायचं, फॅक्टरीला अर्ज पाठवून द्यायचा की आता जमत नाही. त्यांच्या मनात काही खोट नाही, भाऊ आहेत, त्यांना तुम्हाला असं पडलेलं पाहवत नाही. पण त्यांच्याकडे तुम्हाला उठवणारं कोणी नाही. तिथे सगळे म्हणतील, पडून रहा रे बाबा, तुझं हाड मोडलं आहे. आणि तुम्ही पडून रहाल. एकदा त्या खाटेवर पडले की तुम्ही पुन्हा उठायचे नाहीत, हे मला इथे बसून दिसतं. मी इतकी कधी भ्याले नव्हते, ज्या संध्याकाळी तुम्हाला रांझीहून ठेल्यावर घालून आणलं त्या संध्याकाळीसुद्धा नाही.

आणि मी तुमच्यासोबत यायची नाही. येऊ शकत नाही. आता नीट वाचा, घाईने वाचू नका. अळीव फार गरम असतं. बाळंत झाल्यावर बाईला त्याच्यासारखं दुसरं खाणं नाही, पण बाळंत व्हायच्या आधी ते तिच्या जिभेला लागू द्यायचं नाही. आमच्याकडे पोटुशी बाई अळीव निवडेल, भिजवेल, लाडू वळेल, पण बोटसुद्धा चाटायची नाही, हात धुऊनच उठायची. हे माझ्या आईने मला सांगितलं, तिला तिच्या आईने. भाऊजींना माहीत नसावं, अण्णांना नसावं, पुरुषांना कुठून असणार. पण तुमच्या आईने चार बाळंतपणं केली, तुमच्या कानावर कधी पडलं असेल, निदान एकदा तरी मनात यायला पाहिजे होतं की ही काहून खात नाही.

मला दिवस गेले आहेत. चौथा सरत आला. लढाई सुरू व्हायच्या आधीच मला शंका होती, पण मी कोणाला सांगितलं नव्हतं. मागच्या दोन्ही वेळी मी लगेच सांगितलं, तुम्ही तेव्हा सेक्शनभर पेढे वाटले, आणि दोन्ही वेळी तिसऱ्या महिन्यात सगळं गेलं. दुसऱ्या वेळी तुम्ही कामावर गेले आणि लोकांनी विचारलं, तुम्हाला त्यांना सांगावं लागलं. घरी येऊन तुम्ही जेवले नाहीत, अंगणात जाऊन सायकल पुसत बसले. ती सायकल त्या दिवशी स्वच्छच होती. म्हणून ह्या वेळी ठरवलं होतं, तिसरा जाऊ द्यायचा आणि मगच तुमच्या कानात सांगायचं. तो जायच्या आधीच तुम्ही पलंगावर गेले, आणि पलंगाभोवती सदा माणसं. राधाबाईंना माहीत आहे, त्याच माझ्या बादल्या उचलतात, बाजार करतात. लेडी डॉक्टरने तपासलं, ह्या वेळी चांगलं लक्षण आहे म्हणाल्या, पण जड उचलायचं नाही, हिसके नकोत, प्रवास तर नाहीच. आठवड्यातून एकदा तुम्हाला बघायला यायची परवानगी मी भांडून घेतली आहे. ती रिक्शाही अगदी हळू चालवायची, हे रिक्शावाल्याला आधी सांगून बसते.

तर हे पत्र मी कशासाठी लिहिलं. तुमची समजूत काढायला नाही, समजूत काढून मी थकले. भाऊजींना तुम्ही स्वतः सांगा की शनिवारी जायचं नाही. कारण सांगा किंवा सांगू नका, ते तुमच्यावर सोडते, पण सांगितलं तर त्यांना पेढे वाटू देऊ नका. आणि उद्या सकाळी उभे रहा. दुखेल, रहा. आई माझी राहिली नाही, तुमची थकली, तेव्हा उन्हाळा सरता सरता मला जे लाडू लागतील ते दुसरं कोणी करणार नाही, ते तुम्हाला करावे लागतील. अळीव कसे भिजवायचे ते राधाबाई शिकवतील, कढईपाशी मी खाटेवरून ओरडून सांगेन. पण नारळ खोवायला विळीवर बसावं लागतं, एक पाय पाटावर दाबून आणि गुडघा पुरा मुडपून. ताठ गुडघ्याचा माणूस विळीवर बसू शकत नाही. तुमच्याकडे अजून पाच महिने आहेत, तेवढ्यात तो गुडघा वाकला पाहिजे.

तुमचीच,
अंजनी